भाड्याने द्यायच्या फ्लॅटचा दुरुस्तीखर्च टक्क्यांत नको, वस्तूंत मोजा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला, २००६ साली पूर्ण झालेल्या सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके त्यांना ७२ लाखांना मिळतो आहे. कार्पेट ६५० चौरस फूट, हातात बचत ३० लाख. २४ लाख फ्लॅटमध्ये घालायचे, उरलेले मुद्रांक शुल्क वगैरेला, आणि ४८ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी. हप्ता ४१,६५० रुपये. भाडं २५,००० येईल, मेंटेनन्स ३,२०० आणि दुरुस्तीला महिना १,००० असं धरून त्यांच्या हिशेबाने दरमहा २०,८५० पगारातून घालावे लागतील. घरातून जास्तीत जास्त २२,००० निघू शकतात. भावोजी म्हणतात, ‘दुरुस्तीला भाड्याच्या पाच टक्के पुरे, बाकीचं भाडेकरूच करून घेतो.’ इंटरनेटवर त्यांनी ‘दरवर्षी किमतीच्या एक टक्का’ असं वाचलं. खरं कोणतं धरायचं? सहा वर्षांनी मुलगी पुण्यात शिकायला आली की फ्लॅट तिला वापरता येईल, हाही विचार आहे.

ताई,

तुम्ही आकडे इतके स्वच्छ लिहून पाठवलेत की गडबड कुठे आहे ते लगेच दाखवता येतं. भावोजींचा पाच टक्के आणि इंटरनेटवरचा एक टक्का, दोन्ही बाजूला ठेवा. तुमच्या ७२ लाखांतला मोठा वाटा सिंहगड रोडच्या जागेचा आहे, आणि जागेला रंग द्यावा लागत नाही. हाच फ्लॅट साताऱ्यात निम्म्या किमतीत मिळाला असता तरी गिझर, टाइल्स आणि प्लंबरची मजुरी जवळपास तेवढीच लागली असती. शिवाय तो एक टक्का हा अमेरिकेतल्या स्वतंत्र घरांचा ठोकताळा आहे. तिथे छपरापासून अंगणापर्यंत सगळं एकट्या मालकाकडे असतं. आपल्याकडे अर्धं काम सोसायटीकडे असतं आणि त्याचा पैसा वेगळ्या वाटेने जातो.

खर्च ठरतो तो फ्लॅटमध्ये कोणत्या वस्तू आहेत, त्यांचं वय किती आणि त्या किती वर्षांत बाद होतात यावर. म्हणून एक वही घ्या. प्रत्येक वस्तूपुढे ती नवी करायचा आजचा खर्च लिहा आणि ती जितकी वर्षं टिकेल त्याने भागा. मी तुमच्या फ्लॅटसाठी ढोबळ करून दाखवते. दर पुण्यातल्या मध्यम दर्जाच्या कामाचे धरलेत, तुम्ही तीन ठिकाणी विचारून बदलून घ्या.

रंगापासून सुरुवात करू. भिंती आणि छत मिळून रंगवायचं क्षेत्र कार्पेटच्या साधारण साडेतीनपट भरतं, म्हणजे तुमच्याकडे सव्वादोन हजार चौरस फुटांच्या आसपास. किरकोळ पुट्टी आणि साध्या इमल्शनचे दोन हात, फुटाला १४-१५ रुपये धरले तर ३३,००० होतात. भाड्याच्या घरात तीन वर्षांनी रंग लागतोच, म्हणजे वर्षाला ११,०००. दोन गिझर मिळून २०,०००, आयुष्य आठ वर्षं: वर्षाला २,५००. दोन बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, टाइल्स आणि आतल्या पाइपांसह पूर्ण काम प्रत्येकी ९०,००० धरा, पंधरा वर्षांतून एकदा: वर्षाला १२,०००. किचनच्या ट्रॉल्या आणि कपाटं १,२०,०००, बारा वर्षं: १०,०००. नळ, अँगल कॉक, फ्लश टाकीचे आतले भाग मिळून दहा वर्षांत ३०,०००: वर्षाला ३,०००. खिडक्यांचे रोलर, जाळ्या, सिलिकॉन २,५००. वायरिंग ६०,०००, वीस वर्षं: ३,०००. दारं, कड्या, कुलपं २,०००. पंखे १,२५०. यांची बेरीज ४७,२५०. त्यावर प्लंबर-वायरमनच्या किरकोळ फेऱ्यांचे वर्षाला ८,००० आणि सोसायटीच्या मोठ्या कामांच्या वर्गणीसाठी १०,०००. एकूण ६५,२५०, म्हणजे महिन्याला साधारण ५,४००. तुम्ही १,००० धरलेत.

हा आकडा मनाला पटायला वेळ लागेल, कारण पहिल्या दोन वर्षांत कदाचित १५,००० सुद्धा खर्च होणार नाहीत. मग एका पावसाळ्यात खालचा शेजारी वर येऊन छताचे फोटो दाखवेल आणि एकदम लाखाचं काम निघेल. दुरुस्ती महिन्याच्या हप्त्याने येत नाही, म्हणून सरासरीवर विसंबून चालत नाही. पैसे आधीच बाजूला असावे लागतात.

तुमच्या बाबतीत सगळ्यात जोखमीची जागा बाथरूम आहे. इमारत २००६ ची, आणि मालकाने मध्ये काम केलं नसेल तर दोन्ही बाथरूमचं मूळ वॉटरप्रूफिंग आयुष्य संपवून बसलेलं असेल. बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो, त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून वर टाइल्स बसवलेल्या असतात. टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट झिजलं की पाणी कोब्यात उतरतं आणि तिथे साठून राहतं. नाहणी ट्रॅप आणि पाइप जिथे जोडलेत तो सांधा सुटला तरी तेच होतं. वरून बाथरूम कोरडी, चकचकीत दिसते. ओल दिसते ती खालच्या घरात.

म्हणून फ्लॅट बघताना दुसऱ्या मजल्यावर, बरोबर खालच्या घरी जा आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्या अशी विनंती करा. पांढरे क्षार, तपकिरी कडांचे डाग, सुटलेले पापुद्रे दिसले तर काम निघालेलं आहे असं समजा. छताचा तेवढाच चौकोन नव्याने रंगवलेला असेल तर आणखी बारकाईने विचारा. शक्य असेल तर पाण्याची चाचणी करून घ्या: नाहणी ट्रॅपचं तोंड नीट बंद करायचं, बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि २४ तास कुणालाही आत जाऊ द्यायचं नाही. पातळी बोटभर उतरली किंवा खाली ओल उमटली तर गळती फरशीतून आहे. पाणी जागच्या जागी राहिलं आणि तरीही खाली ओल असेल तर संशय भिंतीतल्या पाइपांवर घ्या. हा फरक पैशाचा आहे. नुसते सांधे गेले असतील तर ते खरवडून इपॉक्सी भरण्यावर काही हजारांत भागतं, कोबा पाणी धरून बसला असेल तर वरवर काहीही भरलं तरी दीड-दोन वर्षांत गळती परत येते, फोडूनच काम करावं लागतं. आणि या गळतीचा खर्च तुमचाच असतो. गच्ची, बाहेरच्या सामायिक पाइपलाइन, पावसाचं पाणी यांची गळती आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीने बघायची असते, पण तुमच्या बाथरूममधून खाली जाणारं पाणी ही सभासदाची जबाबदारी.

त्याच फेरीत एखादा जाणता प्लंबर आणि वायरमन सोबत न्या, त्यांच्या वेळेचे पैसे द्या. सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर पाणी तांबूस येत असेल तर आत लोखंडी जीआय पाइप आहेत आणि ते आतून गंजलेत. वीजपेटीत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, तिचं टेस्टचं बटण दाबल्यावर ती पडते का, गिझरची वायर अडीच चौरस मिलिमीटरची आहे का, एवढं वायरमनने बघायचं. आरसीसीबी नसेल तर भाडेकरू येण्याआधी बसवा, यात काटकसर करू नका. बाथरूममध्ये विजेचा धक्का बसणं हा पैशाच्या पलीकडचा प्रश्न आहे.

गिझरबद्दल एक गोष्ट बहुतेक मालकांना माहीत नसते. टाकीच्या आत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीचं लोखंड गंजण्याऐवजी ही कांडी झिजत जाते. ती संपली की गंज टाकीला धरतो, आणि टाकी गळू लागली की गिझर फेकावाच लागतो. धायरी-नऱ्ह्याकडे बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी जड असतं, तिथे कांडी वर्ष-दोन वर्षांत बदलावी. पाचशेच्या आसपासचा हा भाग दहा हजारांचा गिझर वाचवतो. टँकरचा विषय निघालाच आहे तर मेंटेनन्सची पावती फक्त डिसेंबरची बघू नका, एप्रिल आणि मेच्याही मागा.

खिडक्यांचंही तसंच. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, पट्टीत आलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. वर्षभराच्या धुळीने ती बुजतात, मग जुलैत पट्टी भरते आणि पाणी हॉलमध्ये उतरतं. मालक सोसायटीला ‘बाहेरची भिंत गळते’ म्हणून पत्र लिहितो, प्लास्टर फोडलं जातं. मे महिन्यात एक तार आणि बादलीभर पाणी घेऊन ही भोकं मोकळी करायची, चौकटीच्या कडेचं सिलिकॉन सुटलं असेल तर भरायचं.

आता सोसायटी. ‘बाहेरचं सोसायटी बघते’ हे खरं आहे, पण सोसायटीचा पैसा म्हणजे तुमचाच पैसा. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या, जमीन सोडून, दरसाल किमान पाव टक्का गोळा करायचा असतो आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. हा बांधकाम खर्च त्या काळचा धरला जातो. तुमच्या इमारतीत तो फ्लॅटला ८ लाख होता असं समजा: पाव टक्का म्हणजे वर्षाला २,००० रुपये. २८ फ्लॅट असतील तर वर्षाला ५६,०००, आणि १९ वर्षांत व्याज सोडून १० लाख ६४ हजार. सात मजली इमारतीचं बाहेरचं प्लास्टर आणि रंग, त्यात लिफ्ट बदलायची वेळ आली, तर ही शिल्लक पुरत नाही. मग सर्वसाधारण सभेत ठराव होतो आणि प्रत्येक फ्लॅटमागे एकरकमी वर्गणी निघते.

त्यामुळे विकणाऱ्याकडून मागच्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं, ताळेबंदातली सिंकिंग फंडाची शिल्लक आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं असतं, म्हणजे या इमारतीचं एखादं तरी झालेलं असायला हवं. मोठ्या कामाचा ठराव झाला असेल आणि वर्गणी अजून मागितली नसेल, तर ती विकणाऱ्याने भरायची की तुम्ही, हे करारात लिहून घ्या.

तुमच्या कागदावर न दिसलेले आणखी काही खर्च आहेत. पुणे महापालिकेच्या हद्दीत मालक स्वतः राहत असेल तर मालमत्ता करात ४० टक्के सवलत मिळते. भाड्याने दिलं की ती जाते. विकणारा तिथेच राहत असेल तर त्याने दाखवलेलं बिल सवलतीचं असेल. ८,५०० चं बिल तुम्हाला १४,००० च्या आसपास पडू शकतं. तुम्ही स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, मात्र ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. पुण्यात दलाल ११ महिन्यांच्या करारासाठी मालकाकडूनही एक महिन्याचं भाडं मागतो. करार नोंदवणं कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. २५,००० भाडं आणि ७५,००० अनामत असेल तर मुद्रांक शुल्क सातशेच्या आसपास, नोंदणी शुल्क १,००० आणि वर घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचे पैसे.

भाडेकरू दोन करार राहिला आणि दर वेळी मध्ये महिनाभर घर रिकामं राहिलं असं धरू. वर्षाचे ३ लाख भाडं. त्यातून रिकाम्या काळाचे १२,५००, दलालीचे १२,५००, कराराचे ३,५००, मेंटेनन्सचे ३८,४००, बिनभोगवट्याचे ३,०००, मालमत्ता कराचे १४,००० आणि वरच्या यादीतले ६५,२५० वजा करा. उरतात १,५०,८५०, म्हणजे महिना साडेबारा हजार. हप्ता ४१,६५०. पगारातून घालायचे दरमहा २९,००० होतात, तुमची क्षमता २२,०००.

कराचाही आधार समजता तेवढा नाही. भाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. बाथरूमला दोन लाख घातले तरी तेवढीच, काही नाही केलं तरी तेवढीच. कर्जावरचं व्याज पहिल्या वर्षी चार लाखांवर जाईल आणि घराच्या खात्यावर दोन लाखांच्या आसपास तोटा दिसेल. जुन्या करप्रणालीत तो दोन लाखांपर्यंत पगारातून वळता होतो, नव्या प्रणालीत होत नाही. तुम्ही दोघं कोणत्या प्रणालीत आहात ते बघूनच हिशेब करा.

भावोजींच्या दुसऱ्या वाक्याकडे येते. ‘सगळी दुरुस्ती भाडेकरूची’ असं कलम घालणारे मालक स्वतःचं नुकसान करून घेतात. बेसिनखाली थेंब थेंब गळत असेल आणि सांगितलं तर खर्च आपल्याच गळ्यात पडणार असेल, तर भाडेकरू सांगतच नाही. खाली डबा ठेवतो. आठ महिन्यांनी घर सोडतो तेव्हा ट्रॉलीचं प्लायवूड फुगून पापुद्रे सुटलेले असतात, दोनशेच्या वॉशरवर निभावलं असतं तिथे सुतार बोलवावा लागतो. करारात असं लिहा: एका वेळी १,००० रुपयांपर्यंतची रोजच्या वापरातली किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, त्यावरची मालकाची, हलगर्जीने झालेलं नुकसान भाडेकरूचं, आणि गळती किंवा ओल दिसल्यापासून दोन दिवसांत मालकाला कळवणं बंधनकारक. चावी देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, वस्तूंची यादी आणि वीजमीटरचं रीडिंग दोघांच्या सह्यांनी कराराला जोडा. तुम्ही साताऱ्यात असणार, तेव्हा त्या भागातला एक प्लंबर आणि एक वायरमन आधीच ठरवून ठेवा. अनामतीचे ७५,००० वेगळ्या मुदतठेवीत राहू द्या, ते तुमचे नाहीत.

मग काय करायचं? मुलीचा मुद्दा आधी घेऊ, कारण मला तिथे मोठी अडचण दिसते. ती फ्लॅटमध्ये राहायला आली त्या दिवशी भाडं थांबेल. हप्ता आणि मेंटेनन्स मिळून ४४,८५० पूर्णपणे तुमच्या पगारातून जातील, दुरुस्ती वेगळीच. सहा वर्षांत पगार वाढेल, पण तिच्या शिक्षणाचा खर्चही त्याच वर्षांत सुरू होणार आहे.

आजच्या अटींवर हा फ्लॅट घेऊ नका, असं माझं मत आहे. २२,००० मध्ये बसवायचं तर कर्ज साडेएकोणचाळीस लाखांच्या आत हवं. भाडेकरू येण्याआधीचा रंग, एक बाथरूम, वीजपेटी, जाळ्या यांना दोन लाख आणि मागे राखीव एक लाख, एवढे हाताशी हवेत. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली धरून स्वतःचे जवळपास ४१ लाख लागतील. तुमच्याकडे ३० आहेत. बाथरूमच्या कामाचं लेखी कोटेशन दाखवून भाव लाख-दोन लाखांनी कमी होईलही, अकरा लाखांची तूट त्याने भरत नाही.

त्याच भागात ४५ लाखांच्या आसपास वन बीएचके मिळतो का ते बघा. मुद्रांक, नोंदणी, दलालीला साडेतीन लाख आणि दुरुस्तीला दोन लाख बाजूला काढूनही तुमचे साडेचोवीस लाख फ्लॅटमध्ये जातात, कर्ज साडेवीस लाखांचं उरतं, हप्ता १७,८०० च्या आसपास. बाथरूम एकच, रंगाचं क्षेत्र कमी. मुलगी राहायला आली आणि भाडं थांबलं तरी हप्ता आणि मेंटेनन्स वीस हजारांच्या घरात राहतात. इमारत दहा वर्षांची असेल तर ‘नवीनच आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका. मुलगी राहायला येईल त्याच सुमारास बाथरूमचं काम निघेल, ते आजच वहीत लिहून ठेवा.

कोणताही फ्लॅट ठरला तरी खरेदी फक्त तुमच्या नावावर करता येते का याचा विचार करा. महाराष्ट्रात खरेदीदार स्त्री असेल तर निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, पुण्यात सातच्या जागी सहा. पतीचं नाव जोडलं की ती मिळत नाही. ४५ लाखांवर ४५,००० वाचतात, ते थेट दुरुस्तीच्या खात्यात टाका. आणि खालच्या घराचं छत पाहिल्याशिवाय, सोसायटीची इतिवृत्तं हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. ‘आज टोकन दिलं नाही तर उद्या दुसरा घेईल,’ असं एजंट म्हणाला तर त्याला घेऊ द्या.